छगनची लाँग प्ले

खंडेनवमीच्या सकाळी मी देवाची उपकरणी घासायला बसले होते. समई आणि निरांजन चिंचेनं उजळली होती; ताम्हन, घंटा आणि पळी-पंचपात्र तशीच काळवंडलेली पुढ्यात पडली होती. हौदात पाणी जेमतेम दोन घागरी. बहात्तर सालात पाऊस आमच्या देवळाली प्रवरेला वळसा घालूनच गेला, त्यामुळे घासण्यापेक्षा धुण्याचाच घोर जास्त. तेवढ्यात छगन दारात येऊन उभा राहिला. आत येईना. चुलता वारल्यामुळे त्याच्या घरी सुतक होतं. घोंगडीत गुंडाळलेली एक चौकोनी वस्तू त्यानं ओट्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरला.

"वैनी, औंदा आमाला हत्यारं पुजता येनार न्हाईत. हिची तेवढी पूजा तुमच्या देवापुढं करा. लई आशेनं आनलीय."

ती म्हणजे त्याची लाँग प्ले तबकडी. आठ दिवसांपूर्वीच त्यानं ती नगरहून आणली होती. तिच्यावर त्याचं काय काय अवलंबून आहे ते मला ठाऊक होतं, म्हणून हातातली घंटा खाली ठेवून मी हात धुतले, तुळशीचं पाणी शिंपडलं आणि ती देवघरात नेऊन ठेवली. उपकरणी राहिली तशीच राहिली.

छगनला आमच्या आळीत आडनावानं कोणी ओळखत नाही. त्याचे वडील गावात दवंडी द्यायचे. छगनला ते जमेना, त्याचा आवाज बसका. मिसरूड फुटायच्या वयात तो तंबूतल्या सिनेमाबरोबर गाव सोडून गेला आणि राहुरी, नेवासं, शेवगाव असे बाजार करत सात वर्षं फिरला. खेळाआधी कर्ण्यावर गाणी लावायची, हे त्याचं काम. पुढे मालकानं तंबू मोडला, तेव्हा एक चावीचं मशीन, एक कर्णा आणि तीसएक लाखेच्या तबकड्या घेऊन तो परत आला. गावात वीज आल्यावर विजेचं मशीन आलं, दुसरा कर्णा आला. शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांनी त्याच्या पत्र्याच्या पेटीवर 'छगन लाउडस्पीकर सर्व्हिस' असं पांढऱ्या रंगात लिहून दिलं. त्याला स्वतःला ते वाचता येत नाही. तबकडी कोणती, हे तो कडेवरून अंगठा फिरवून ओळखतो. इथं टवका म्हणजे अमुक भजन, इथं दोन ओरखडे म्हणजे तमुक. एकदा मी गंमत म्हणून त्याच्या हातात उलटी तबकडी दिली, तर म्हणाला, "वैनी, हिचं त्वांड पलीकडं हाय."

त्याच्या घरावर पत्रा. उन्हाळ्यात लाखेच्या तबकड्या तिथं मऊ पडतात, म्हणून चैत्र लागला की त्याची पेटी आमच्या माजघरात यायची आणि मृगाला परत जायची. अशी चौदा वर्षं. छगनशी आमचा ऋणानुबंध आहे तो या पेटीचा.

आणि चौदाच वर्षं तो आमच्या आळीतल्या विठ्ठलाच्या देवळात कार्तिकातली पहाट वाजवत आला होता. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून महिनाभर काकडा असतो. काकड्याला माणसं जमेपर्यंत अर्धा तास छगन तबकड्या लावायचा. लाखेची एक बाजू तीन मिनिटांची. ती संपली की सुई खरखरत राहायची, मग तो हात उचलायचा, तबकडी उलटायचा, सुई बदलायचा, आणि तेवढा वेळ सगळ्या आळीवर शांतता. या शांततेची आम्हा बायकांना इतकी सवय झाली होती की घड्याळाकडे कोणी बघतच नसे. पहिल्या बाजूला सडा, दुसरीला चूल पेटायची, चौथी संपताना दूधवाला कोपऱ्यावर. सहावीला माझी आंघोळ झाली नसली तर मला उशीर. सुया मिळाल्या नाहीत तर छगन बाभळीचा काटा तासून लावायचा. काट्यावर आवाज जरा घोगरा, पण मऊ येई. त्या दिवशी आळीतल्या म्हाताऱ्या म्हणत, आज देव निवांत उठणार.

आमच्याकडे रेडिओ आहे. यांनी हौसेनं घेतला. त्याचा आवाज छगनच्या मशीनपेक्षा कितीतरी स्वच्छ, खरखर नाही की काही नाही. पण रेडिओवरचं भजन आपलं नसतं, असं मला वाटत आलंय. हात जोडावेत तोच ते संपतं आणि बाजारभाव सुरू होतात. पुन्हा लाव म्हणावं तर कोणाला म्हणणार? तबकडीचं तसं नाही. तिच्याशेजारी कोणीतरी बसलेलं असतं. निरांजनाची वात पुढे सारायला माणूस लागतो, तसं.

पण देवळाच्या पंचांना खरखरच ऐकू येऊ लागली. मागच्या कार्तिकातच कुरबूर झाली होती, की दर तीन मिनिटांनी देव दचकतो. यंदा पितृपंधरवड्यात आप्पासाहेबांनी छगनला बोलावून सांगितलं की, बाबा, न थांबता लांब वाजणारं काहीतरी आणलंस तर तू, नाहीतर आमच्या जावयांचा टेपरेकॉर्डर आहे. आप्पासाहेब म्हणजे देवळाचे मुख्य पंच, ऊसवाले, शब्दाला वजन असलेले. त्यांचे जावई पुण्यात इंजिनिअर.

लग्नातली वाजवणी छगनला कधीच फारशी गोड वाटली नाही. नवरदेवाचे मित्र सांगतील ते लावायचं, जेवणाच्या शेवटच्या पंगतीला बसायचं. देवळाचं काम गेलं तर राहिलं काय, असं तो म्हणाला नाही, पण दुखऱ्या गुडघ्यानं तो नगरला दोनदा जाऊन आला आणि दुसऱ्या खेपेला भजनांची लाँग प्ले घेऊन आला, तेव्हा मला ते कळलं. त्याच्या मशीनला सावकाश फिरायचा खटका होता, तो आजवर कधी लागलाच नव्हता.

त्या संध्याकाळी त्यानं ती पहिल्यांदा आमच्याच ओट्यावर वाजवली. काळी, चकचकीत, हातात धरली तर पानासारखी हलकी. "पडली तरी फुटत न्हाई," असं त्यानं तीनदा सांगितलं. लाखेच्या तबकडीतला गाणारा नेहमी दाराआडून गातोय असा वाटतो, वारा आला तर ऐकू येणार नाही असा. या तबकडीत तो पुढच्या चटईवर येऊन बसला. टाळ वेगळे, मृदंग वेगळा, गाणाऱ्यानं मध्ये घेतलेला श्वाससुद्धा कळला. हे कधी नव्हे ते वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत राहिले. एक बाजू वीस मिनिटं चालली. मी मात्र छगनकडे बघत होते. तिसऱ्या मिनिटाला त्याचा हात आपोआप उठला, सुईपर्यंत गेला आणि मग मांडीवर परत आला. वीस मिनिटांत असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी त्यानं दोन्ही हात काखेत घालून टाकले.

तर ती ही तबकडी, नवमीला माझ्या देवघरात.

दरवर्षी छगन स्वतः पूजा करायचा ती पेटीची. पेटीला हळदकुंकू, कर्ण्यांना झेंडूची माळ, झालं. तबकडी बाहेर काढायचा नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं की वस्तू नवी आहे, पहिली पूजा आहे, तीही सुतकामुळे दुसऱ्याच्या हातून; पुठ्ठ्याला कुंकू लावून भागवणं म्हणजे चालढकल. मी तबकडी बाहेर काढली, पाटावर लाल वस्त्रावर ठेवली आणि ओल्या कुंकवानं तिच्यावर, बरोबर मध्यापासून कडेपर्यंत, स्वस्तिक काढलं. वर हळद, अक्षता, फूल. हात जोडून म्हटलं, पांडुरंगा, याचं देऊळ याच्याकडे राहू दे.

संध्याकाळी पुसायला गेले तर कुंकू निघेना. वरचं निघालं, पण त्या बारीक रेघांत बसलेलं तसंच. ओल्या फडक्यानं ते आणखी पसरलं. दुसऱ्या दिवशी दसरा, हात लावला नाही. एकादशीला मी रिठ्याचं पाणी केलं, अर्धी घागर त्यात गेली, आणि तबकडी मऊ कापडानं निगुतीनं धुतली. मग वाळायला अंगणातल्या धुण्याच्या काळ्या फरशीवर ठेवली. लाखेला ऊन सोसत नाही हे चौदा उन्हाळे मी पाहिलं होतं, पण ही लाखेची नव्हती आणि हा चैत्रही नव्हता. ही पडली तरी न फुटणारी. मी उपवासाचं साबुदाण्याचं बघायला आत गेले. आश्विनातलं ऊन ते, अर्ध्या तासानं बाहेर आले तर तबकडीची एक कड वर उचलली गेली होती, पापडाची उचलते तशी.

ते सांगायला मी स्वतः छगनच्या घरी गेले. सुतक फिटायचं होतं म्हणून बाहेरच उभी राहिले. त्याची बायको छबूबाई खडीच्या कामावरून नुकतीच आली होती, केसांत पांढरी धूळ, पाय पसरून बसलेली. मी तबकडीवरचं फडकं सोडलं. छगननं तबकडी डोळ्यांसमोर आडवी धरली, एक डोळा मिटून कडेनं बघितलं. बोलली ती छबूबाई.

"कुकू लावलं ते ठीक हाय वैनी. वटी बी भरली आसंल न्हवं?"

मग तीच थकल्यासारखी हसली आणि म्हणाली, बसा, पाणी देता येत नाही पण बसा तरी. छगननं तिला गप्प केलं नाही, मला दोषही दिला नाही. तबकडी दोन शहाबादी तुकड्यांमध्ये ठेवून त्यानं वर जात्याची तळी ठेवली. दोन दिवस ती तशीच. दहावा झाल्यावर त्यानं आमच्या ओट्यावर ती लावून बघितली. गाणारा पाळण्यात बसून गातोय असं वाटत होतं, सूर वर जायचा, खाली यायचा, आणि मध्ये मध्ये कुंकवाचे कण फुटाण्यासारखे तडतडत होते. दीड मिनिटात छगननं सुई उचलली.

"चटईवरनं उठून गेला की ओ ह्यो," एवढंच तो म्हणाला.

कोजागिरी दोन दिवसांवर आली होती. यांना सांगितलं, तर म्हणाले, तू देवळाच्या भानगडीत पडू नकोस. पण चूक माझी, आणि शिक्षा त्याला होणार. दुपारी हे शाळेत गेल्यावर मी पदर घट्ट केला आणि आप्पासाहेबांच्या वाड्यावर गेले. काय झालं ते आदिपासून सांगितलं. तबकडी छगननं आणली होती, अट पाळली होती, नासली ती माझ्या हातून. तेव्हा एवढं वर्ष त्याला लाखेच्याच लावू द्या, पुढच्या वर्षी तो दुसरी आणील.

आप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा करायला लावला.

"वहिनी, तुम्ही उगाच जिवाला लावून घेताय. तबकडी धड असती तरी यंदा टेपच लागणार होता. जावयांनी हौसेनं भजनं भरून आणलीत, त्यांना नाही कसं म्हणणार? छगनला तोंडावर सांगवेना, म्हणून म्हटलं लांब वाजणारं काहीतरी आण. तो खरंच घेऊन येईल हे मला काय ठाऊक?"

मग म्हणाले, त्याला कर्णे आणि अँप्लिफायर तेवढा द्यायला सांगा. टेपला आवाज आहे, पण गावाला पुरेल एवढा नाही.

चहा मी प्याले. नको म्हणायचंही सुचलं नाही.

माझा अपराध हलका झाला होता, आणि तेच मला जड वाटत होतं. छगनला हे सांगितलं तर मी सुटले. पण त्याला कळणार की दोनदा नगरला पाठवलं ते गंमत म्हणून. नाही सांगितलं तर तो आयुष्यभर समजणार की एका बाईच्या कुंकवानं देऊळ गेलं, आणि तरी उन्हाळ्यात पेटी आणून ठेवणार, वैनी म्हणणार. मी दोन्ही बाजूंनी विचार केला. रात्री वहीत नेहमीसारखं नामस्मरण लिहिलं.

कोजागिरीच्या सकाळी तो कर्ण्याच्या तारा गुंडाळत आमच्या ओट्यावर बसला होता. निरोप द्यायचाच होता. मी म्हटलं, "छगनभाऊ, तुमची तबकडी माझ्या हातून गेली ते खरं. पण देऊळ त्यामुळे गेलं नाही. ते आधीच ठरलं होतं." आणि वाड्यावर जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं, कर्ण्यांच्या निरोपासकट.

तो तार गुंडाळत राहिला. एक पूर्ण वेटोळं झालं, दुसरं झालं.

"म्हंजी नगरला जायाची गरजच नव्हती," तो म्हणाला. मग तिसरं वेटोळं घालत, "पयल्या खेपेला दुकान बंद हुतं, वैनी. उनाचं फाटकापाशी बसून राहिलो, उघडंल म्हून."

मला वाटलं, आता म्हणेल कर्णे देत नाही. मीच तसं सुचवलं, देऊ नका म्हणून. पण त्याला ते पटलं नाही. देवळाला नाही म्हणायचं त्याच्या जिभेला वळण नव्हतं. दुपारी गुडघा धरत धरत तो देवळावर चढला आणि दोन्ही कर्णे बांधून आला. जावईबापूंनी टेप जोडून दाखवला, पुजाऱ्याला बटण दाखवलं आणि दुसऱ्याच दिवशी ते पुण्याला गेले.

टेप चांगला वाजतो, खोटं कशाला बोलू. दोन रिळं, मध्ये तपकिरी फीत, पाऊण तास न थांबता. खरखर नाही, टवका नाही, सुई नाही. पहिल्या पहाटे मी सडा घालत होते तो घालतच राहिले. कुठे थांबायचं तेच कळेना. शेजारच्या मनकर्णाबाईचं दूध उतू गेलं, मी आंघोळीला बसले तर काकडा सुरूही झाला होता. एकामागून एक भजन येत होतं, भरलेल्या एस.टी.सारखं, कुठंच न थांबणारं. शेजारी कोणी बसलेलं नव्हतं. पुजारी बटण दाबून फुलं काढायला निघून गेला होता.

आणि त्याच पहाटे, तिसऱ्या भजनाच्या शेवटी, कर्ण्यातून एक बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, की सहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत.

तेव्हा सव्वापाच झाले होते. जावयांनी भजनं भरली होती ती पुण्याच्या घरी रेडिओवरून, आणि फितीनं भजनाबरोबर जे आलं ते सगळं ठेवून घेतलं होतं. तबकडीत असलं काही शिरत नाही; फितीला आपलं-परकं नाही. साखर कारखान्याच्या पहिल्या पाळीचे दोघं अर्धवट शर्ट घालून पळाले. एकजण सहाची गाडी चुकली म्हणून घरात भांडला. तीन पहाटा असंच चाललं. चौथ्या दिवशी पुजाऱ्यानं तेवढ्यापुरतं बटण बंद करून बघितलं, तर फीत सुटली आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत शेवयांसारखी पसरली. ती छगननंच बोलावल्यावर जाऊन परत गुंडाळून दिली. त्याच दिवशी आप्पासाहेबांचा निरोप आला: रोज पहाटे टेपपाशी बसायचं, ती बाई बोलायच्या आत आवाज खाली करायचा, बोलून झाली की वर करायचा.

त्याला राग यावा असं मला फार वाटलं. मी म्हटलं, एका वाक्यासाठी हा गुडघा घेऊन पहाटे जाऊन बसायचं? ज्यांचा टेप आहे त्यांनी बसावं.

"लोक आप्पासायबांचा टेप म्हनत न्हाईत, वैनी," छगन म्हणाला. "म्हनत्यात, छगनचा कर्ना खोटी येळ सांगतो."



आता तो जातो. पुजाऱ्याच्या आधी जातो, टेपशेजारी मांडी घालता येत नाही म्हणून एक पाय लांब करून बसतो. मी एकदा दर्शनाच्या निमित्तानं लवकर जाऊन बघून आले. त्याला आकडे कळत नाहीत, पण तिसऱ्या भजनाचे टाळ विरले की त्याचा हात बरोबर उठतो, आणि ती बाई श्वास घेईपर्यंत कर्णे गप्प झालेले असतात. बाकीचा पाऊण तास तो नुसता बसून असतो. लाखेच्या तबकड्या त्यानं पेटीत भरून ठेवल्यात, लग्नसराईसाठी. वाकडी झालेली ती लाँग प्ले अजून आमच्या माजघरातच आहे. तो मागत नाही, मी नेऊन देत नाही.

आज सकाळपासून देवळाचा उजवा कर्णा चिरका बोलायला लागलाय. टेपचा आवाज पुजाऱ्यानं फार वाढवला होता, त्यात कर्ण्याच्या बुडाशी असतं ते आवाजाचं युनिट फाटलं असावं, असं छगन म्हणाला. उद्या काकडा उरकला की तो कर्ण्याचं युनिट घेऊन नगरच्याही पुढे केडगावच्या मेकॅनिककडे जाणार आहे.